मडमेची साय

भिंतीला डोकं टेकलं तर झोप लागेल, म्हणून शालन सकाळपासून ताठ बसली आहे. बाक लोखंडी आहे, साताऱ्यातल्या एका दवाखान्यातला, ऑपरेशन थिएटरच्या दारासमोरचा. दारावर लाल दिवा पेटलेला आहे. बाहेर लख्ख दुपार आहे आणि खिडकीतून येणारं ऊन तिच्या पावलांपर्यंत येऊन थांबलं आहे.

"आई, जरा टेका," जावई संग्राम म्हणतो. "दार उघडलं की मी हाक मारतो."

"मला न्हाई झोप यायची."

"काल रात्रीपासून डोळ्याला डोळा नाही तुमच्या."

"ती आत असताना कुठं झोपू रे?"

आत सारिका आहे, शालनची एकुलती एक मुलगी. बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा महिना लागलेली. रात्रभर तिचं डोकं ठणकत होतं आणि सकाळी ब्लडप्रेशर इतकं चढलं की तिला झटका आला. बाळाची हालचालही मंदावली होती. डॉक्टरांनी आई किंवा बाळ, कुणाचीच खात्री दिली नाही. हे त्यांनी शांतपणे, आवाज न चढवता सांगितलं, आणि म्हणूनच ते शालनला खरं वाटलं.

हे कशामुळं झालं, हे मात्र डॉक्टरांना ठाऊक नाही असं शालनला वाटतं. तिला ते ठाऊक आहे. ते तिनं संग्रामला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही.

ती टेकते. फक्त मान, असं स्वतःला बजावते. भिंत गार आहे. मग कोमट होते. मग चांगली गरम होते, चुलीमागच्या भिंतीसारखी, आणि फिनाईलच्या वासाखालून दुसराच वास वर येऊ लागतो. मंद आचेवर ठेवलेल्या म्हशीच्या दुधाचा.

"ढवळलीस काय गं?"

आवाज दारापलीकडून येतो. दारावरचा लाल दिवा आता निखारा आहे. शालन उठते, थिएटरचं दार ढकलते आणि पाचगणीच्या आपल्या स्वयंपाकघरात शिरते.

"न्हाई ढवळलं, आक्का."

"हात तरी लावला असशील."

"न्हाई लावला."

चुलीपुढं सगुणाआक्का बसली आहे, शालनची थोरली जाऊ. ती गेली त्याला अजून महिना व्हायचा आहे. घशाचा कॅन्सर होता. शेवटी तिला घोटभर पाणीही गिळता येत नव्हतं आणि आवाज पार गेला होता. आता आवाज आहे, पण जड, तोंडात काही धरून बोलावं तसा. डावा गाल फुगलेला आहे. अंगावर जाताना नेसवलेलं हिरवट पातळ आहे, त्याचे काठ ओले आहेत. ती हसते तेव्हा वरच्या ओळीतल्या पुढच्या दाताची खिंड दिसते. तो दात म्हशीनं शिंग मारून पाडला होता. आक्कानं तो कधी बसवून घेतला नाही. शिट्टी फुकटात मिळाली म्हणायची.

ती मेलेली आहे हे शालनला माहीत आहे. स्वप्नात बाकी सगळं धूसर आहे, तेवढं स्पष्ट आहे.

"बघत काय राहिलीस? पाहुणे आलेत. स्कोन फडक्यात गुंडाळलेस का? गार झालं की दगड होतोय त्याचा."

"गुंडाळलेत."

"मग बस. साय धरू दे."

दोघी जावांचा संसार याच सायीवर चालला. तरुणपणी आक्का टेबललँडच्या रस्त्यावरच्या एका जुन्या बंगल्यात स्वयंपाकाला होती, तिथं म्हाताऱ्या पारशी मालकिणीनं तिला ही साय शिकवली. दूध पसरट पातेल्यात ओतायचं, विझत आलेल्या निखाऱ्यांवर रात्रभर ठेवून द्यायचं, उकळी फुटू द्यायची नाही, आणि ढवळायचं तर मुळीच नाही. सकाळी वर पिवळसर, सुरकुतलेली, जाड साय धरलेली असते. वरून जरा कडक, आत लोण्यासारखी मऊ. बाजारपेठेत तिला इंग्लिश क्रीम म्हणत, आक्का मडमेची साय म्हणायची. पुढं दोघींनी घराच्या व्हरांड्यात टेबलं मांडून स्वतःचं सुरू केलं. गरम स्कोन, म्हणजे भट्टीतले जाडसर गोल इंग्रजी पाव, ही साय, आणि मोसमाप्रमाणं स्ट्रॉबेरी नाहीतर तुती. मुंबई-पुण्याची माणसं गाड्या थांबवून खायची, बोटं चाटायची आणि शरमेनं इकडंतिकडं बघायची.

आक्का ती साय चाखायची नाही. चाखायचं काम शालनचं होतं, आणि शालनला सायीची जन्माची किळस. नाक मुरडत ती चमचा तोंडात घालायची आणि आक्का तिच्या तोंडाकडं बघत विचारायची, "कशी लागतीय? सांग की. नीट सांग." शालन म्हणायची, बरी आहे. आक्का म्हणायची, "देवानं जीभ दिलीय का चपलेचा तळवा?" मग पाहुण्यांपुढं हसून सांगायची, एकीला किळस, एकीला वर्ज्य, आणि धंदा सायीचा.

वर्ज्य का, हे फक्त शालन जाणून होती. आधी आक्का साय कुणाला मिळू द्यायची नाही, पातेलं एकटीनं खरवडायची. तिला मूलबाळ नव्हतं. शालनची सारिका अंगावर पिणारी असताना न्यूमोनियानं निळी पडली आणि डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा आक्का घाटातल्या देवीपुढं जाऊन उभी राहिली. शालन तिच्या शेजारी होती. "पोरगी जगू दे," आक्का म्हणाली. "ती हाय तोवर साय गिळायची न्हाई मी." मी आहे तोवर, असं ती म्हणाली नाही. ती आहे तोवर, असं म्हणाली. सारिका जगली. हे तिच्या कानावर कधी घालायचं नाही, पोरीच्या डोक्यावर असलं ओझं नको, असं आक्कानं बजावलं. सारिका मोठीआईच्या हाताखाली स्कोन भाजायला शिकली, साय धरायला शिकली, आणि तू का खात नाहीस म्हणून विचारलं की मोठीआई म्हणायची, "पित्त होतंय."

त्यामुळंच दहाव्याला ते घडलं. गरोदर बाई घाटावर जात नाही, म्हणून सारिकानं घरीच, पाय सुजलेले असताना, उभं राहून स्कोन भाजले, साय धरली, त्यावर स्ट्रॉबेरीच्या फोडी ठेवल्या आणि डबा वडलांच्या हाती दिला. मोठीआईनं जन्मभर लोकांना खाऊ घातलं, आता तिला द्या म्हणाली. वाईच्या घाटावर पिंडाशेजारी तो डबा उघडला तेव्हा शालन बायकांमध्ये मागं बसली होती. ती उठेपर्यंत कावळा उतरलाही. त्यानं भाताकडं पाहिलं नाही, थेट सायीत चोच घातली. "बघा, लगेच शिवला," कुणीतरी म्हणालं. "काही मागं राहिलं न्हाई म्हातारीचं." लोकांनी डोळे पुसले. सगळ्यांचं समाधान झालं. शालन तेवढी कावळा उडाला त्या दिशेला बघत राहिली.

"आक्का," ती आता विचारते, "तुमी खाल्लीत काय?"

"काय?"

"साय. दहाव्याची."

आक्का हनुवटीनं पातेल्याकडं खूण करते. साय धरली आहे, काठोकाठ, एकसंध. तिच्यावर वाऱ्यानं उठावी तशी सुरकुती उठते. मग मधोमध ती उचलली जाते, आतून कुणी टाच टेकावी तशी, एवढीशी टाच. मग कडेला. मग काहीच नाही.

"हललं," शालन म्हणते.

"हलंल."

"थांबलं आक्का. बघा ना, थांबलं."

"ढवळू नको म्हणते न्हवं! पाहुणे बघ जा."

व्हरांड्यात सगळी टेबलं भरली आहेत. पाहुण्यांच्या डोक्याला हिरव्या टोप्या आहेत, तोंडावरचे मास्क हनुवटीखाली ओढलेले आहेत. ते खात आहेत. माणसं हे कसं खातात ते शालनला पाठ आहे. स्कोन हातानं मोडायचा, आतली वाफ निघाली की तिच्यावरच साय लावायची, ती कडेनं ओघळू लागली की वर स्ट्रॉबेरी दाबायची, आणि पहिला घास आत गेला की थोडा वेळ कुणी काही बोलत नाही. इथंही कुणी बोलत नाही. फक्त हा थोडा वेळ संपत नाही. ते चावत राहतात, बशा तेवढ्याच भरलेल्या राहतात. स्ट्रॉबेरीचा रस सायीत उतरतो, सायीवरून त्यांच्या हातमोज्यांवर, हातमोज्यांवरून टेबलक्लॉथवर.

"अजून आणा," एक जण तिच्याकडं न बघता म्हणतो. "आणि लवकर. वेळ नाही."

दुसऱ्यानं सुरी उचलली आहे.

"सुरी लावू नका," आक्का मागून सांगते. "हातानं मोडतात त्ये."

"हातानं नाही होणार, आजी," तो समजुतीच्या स्वरात म्हणतो. "कापावंच लागेल."

शालन तोंड फिरवते. व्हरांड्याच्या पायऱ्या रोजच्यापेक्षा लांब आहेत. त्या रस्त्यावर उतरत नाहीत, उतरत उतरत पाण्यात जातात. हा वाईचा घाट आहे. काठावर त्यांच्या व्हरांड्यातल्याच लाकडी खुर्च्या मांडल्या आहेत आणि एकेका खुर्चीत एकेक कावळा बसला आहे, पाहुण्यांसारखा, वाट बघत. आक्का शेवटच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसली आहे. शेजारी सारिकानं दिलेला डबा. रिकामा.

"ये. तू इचारलंस न्हवं, खाल्ली का म्हणून."

आक्का तोंड उघडते.

डाव्या गालात, जिभेनं रेटून धरलेला सायीचा गोळा आहे. पिवळसर, ताजा. त्यात स्ट्रॉबेरीची फोड रुतली आहे. काहीच विरघळलेलं नाही.

"तवापासून?" शालन विचारते.

"तवापासून." आक्का तोंड मिटते. "कावळ्यानं उचललं की हिकडं आमच्या तोंडात येतंय. घेणार का, न्हाई का, कोण इचारतंय?"

"मग थुंकून टाका की."

"घरच्यांनी दिलेलं थुंकता येत न्हाई इथं. गिळायचं, न्हाईतर धरून बसायचं. मी धरून बसलीया." ती पलीकडं मान करते. "त्या अंगाला एक म्हातारा हाय, त्याला पोरांनी ब्रँडी दिलीया. गिळलीच न्हाई अजून त्यानं. संपंल म्हणतोय."

शिट्टी वाजते. आक्का हसली आहे. शालनलाही हसू येतं, आणि हसता हसता, का ते कळत नाही, तिच्या तोंडून आक्काचाच प्रश्न निघतो.

"कशी लागतीय?"

आक्का डोळे मिटते.

"स्कोनला मीठ कमी पडलंय. पण साय... पोरीनं धूर लागू दिला न्हाई गं. कडंची खरपूस हाय, मधली नुसती माया. त्यात त्या फोडीचा आंबटपणा मधनंच येतोय, आणि पुन्हा साय. मला वाटलं हुतं, मी इसरले आसंन. काय इसरले न्हाई." तिच्या घशाची घाटी हलते. ती चटकन गळा हातानं धरते. "बघितलंस? मेल्यावर घसा बरा झालाय. आता मान जरा वर केली तरी सरळ खाली जाईल."

"आक्का, नको."

"दमले मी धरून."

"आक्का, ती आत हाय. टेबलावर हाय."

"ठावं हाय मला." आक्का पाण्याकडं बघते. "जलम गेला दुसऱ्याच्या बशीत बघण्यात. तुझं ते वाकडं तोंड बघून चव वळखण्यात. आता एक घास, त्योबी मागितला न्हाई, पोरीनं आपल्या हातानं दिला. गिळू? तू हो म्हण. तू आई हाईस तिची. तू म्हणालीस तर चालतंय."

खुर्च्यांमधले कावळे एकदम माना वळवतात.

या बाईला नाही म्हणायचं कसं, ते शालनला माहीत नाही. हिनं पोरीला पाठीशी बांधून टेबलं पुसली आहेत. शेवटच्या दिवसांत शालन कापूस भिजवून हिच्या ओठांवरून फिरवायची आणि ही तो कापूस चोखायला बघायची. हो हा शब्द शालनच्या तोंडाशी येतो. तेवढ्यात नदीवर काहीतरी तरंगत येताना दिसतं. चुलीवरचं पसरट पातेलं. ते त्यांच्या पायांसमोर येऊन थांबतं. साय काठोकाठ धरलेली आहे, सपाट, गुळगुळीत. आत काही हलत नाही.

"तोंड उघडा," शालन म्हणते.

"कशाला?"

"उघडा, आक्का."

आक्का तिच्याकडं बघत राहते. तिला कळलं आहे. ती नाही म्हणत नाही, पण तोंड पुरतं उघडतही नाही. तान्ह्या पोरानं माती खाल्ली की जसं बोट घालतात, तसं शालन बोट घालते. आत नदीसारखं गार आहे. गोळा गालाला चिकटलेला आहे, निघत नाही. ती नख लावते, खरवडते, टाळूवरून, हिरड्यांवरून, दातांच्या मागून. किळस येत नाही, हे तिच्या लक्षात येतं. आक्काच्या डोळ्यांतून पाणी गळू लागतं आणि तिचा जबडा मिटतो. दात बोटात रुततात. चिडलेलं माणूस चावतं तसं नाही. भुकेलेलं चावतं तसं. शालन हात मागं घेत नाही, बोट आणखी आत घालते, शेवटचा चिकटलेला थर काढते, फोडही काढते.

मग आक्का सोडते.

"निघाली?" आवाज आता स्वच्छ आहे. आजारपणाच्या आधीचा.

"निघाली."

"सगळी?"

"सगळी."

आक्का पदरानं ओठ पुसते. पदराचं टोक क्षणभर ओठांशीच धरून ठेवते, मग खाली टाकते.

"मी आसते तुझ्या जागी तर मीबी काढली असती," ती म्हणते. बराच वेळ पाणी पायऱ्यांवर आपटत राहतं. "तोंड मोकळं झालं. आता भूक लागंल."

शालन कोपरानं डोळे पुसते.

"रडू नको. सवय हाय मला. म्हैन्याच्या ताटाला नुसता भात घाल. पोरीनं इचारलं तर सांग, मोठीआईला पित्त होतंय."

"हे कुठं टाकू?" शालन आवळलेली मूठ पुढं करते. बोटांमधून थंड, चिकट काही ओघळतं आहे. "पाण्यात सोडू?"

"पाण्यात न्हाई. कावळ्याला तर मुळीच न्हाई. धर मुठीत. सोडू नको."

"किती वेळ?"

"हाक येस्तवर."

पातेल्यातली साय हळूच उचलली जाते.

"आई! आई, उठा, दार उघडलं."

लाल दिवा विझला आहे. दारात हिरव्या टोपीतली नर्स उभी आहे. ती एका दमात सांगते: मुलगी झाली, अंगानं फार लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवली आहे, हातपाय हलवतेय. आईला शुद्धीवर यायला वेळ लागेल. रक्त बरंच गेलं, पण आता प्रेशर उतरतंय. उद्या सकाळपर्यंत डॉक्टर काही बोलणार नाहीत, पण आत्ता दोघी आहेत.

"दोघी आहेत," संग्राम म्हणतो आणि बाकावर तिच्याशेजारी बसतो. तो रडतो आहे. रडता रडताच तो सासूचे हात धरतो. डावा हात उघडा आहे, उजव्याची मूठ घट्ट आवळलेली आहे. बोटं पांढरी पडली आहेत. "आई, सोडा की. झालं सगळं."

त्यालाच ती मूठ उघडावी लागते. शालन खाली बघते. तळहात कोरडा आहे. काही नाही.

"हे काय झालं?" संग्राम विचारतो.

तिच्या तर्जनीच्या पाठीवर दातांची ओळ उमटली आहे. खोल, काळीनिळी, एका ठिकाणी कातडी फाटून रक्त आलेलं. ओळीच्या मधोमध एका दाताएवढी जागा मात्र कोरी आहे. तिथं कातडीवर ओरखडासुद्धा नाही.

"झोपेत स्वतःलाच चावलात की काय?"

शालन जिभेनं आपले वरचे दात एकेक करून चाचपते. सगळे जागेवर आहेत.